श्रीलिपीतली जुनी पुस्तकं पुन्हा काढायची आहेत: ५०-५० प्रती आणि ई-बुक. सुरुवात कुठून करावी?

नौपाडा_ग्रंथ

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमचं लहान प्रकाशन आहे. १९९६ ते २००४ या काळात काढलेली सात पुस्तकं आता उपलब्ध नाहीत: दोन कादंबऱ्या, तीन ललितलेखसंग्रह, एक शेतीविषयक आणि एक स्थानिक इतिहासाचं. वाचक अजून विचारतात, पण प्रत्येकाची मागणी वर्षाला चाळीस-पन्नास प्रतींच्या वर जाणार नाही. हजार प्रती छापून गोदामात ठेवणं आता शक्य नाही.

हाताशी काय आहे ते सांगते. चार पुस्तकांच्या पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली सीडीवर आहेत, जुळणी श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत. दोन पुस्तकांच्या फक्त पीडीएफ. इतिहासाच्या पुस्तकाची छापील प्रत तेवढी उरली आहे, त्यात फोटोही आहेत. आकार डेमी (साधारण ५.५ × ८.५ इंच), पानं १६० ते २२४, आतली छपाई एकरंगी.

डिजिटल छपाईवर थोड्या प्रती काढाव्यात आणि सोबत ई-बुकही करावं असा विचार आहे. जुन्या फायलींचं काय करायचं, डिजिटल की ऑफसेट हे कसं ठरवायचं, आणि पैसा नेमका कुठे लागतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अक्षरजुळणी

ताई, सगळ्यात आधी सीडीची पूर्ण नक्कल काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची लिहिलेली सीडी कधी वाचायची थांबेल याचा भरवसा नाही. फायलींसोबत फॉन्टची फाइल आणि चित्रांचं फोल्डर आहे का तेही बघा. चित्रं वेगळी जोडलेली असतील तर पेजमेकरच्या फाइलमध्ये फक्त धूसर नमुना दिसतो.

पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. ६.० किंवा त्यानंतरची फाइल इनडिझाइन या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीत उघडते, म्हणून ती जुनी आवृत्ती ज्याच्याकडे आहे असा डीटीपीवाला शोधा. आजच्या आवृत्तीवर अवलंबून राहू नका. उघडल्यावर मजकूर आरटीएफमध्ये बाहेर काढा. साध्या टेक्स्टमध्ये काढू नका, कारण फॉन्टची माहिती पुसली गेली की पुढचं काम अडतं.

ते का, हे नीट समजून घ्या. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरं आणि चिन्हांचाच असतो. फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. त्यामुळे मजकुरात मधेच एखादं खरं इंग्रजी नाव असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, बदलणारा कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजतो आणि तिथे कचरा उमटतो. जो भाग जुन्या फॉन्टमध्ये आहे तेवढाच बदलायचा, बाकीला हात लावायचा नाही, हे आरटीएफमध्येच जमतं. फॉन्टचं नावही काटेकोरपणे जुळवा. सी-डॅकच्या (आयएसएम बनवणारी सरकारी संस्था) फॉन्टमध्ये ‘डीव्ही’ आणि ‘डीव्हीबी’ असे प्रकार आहेत, त्यांचे कोड वेगळे. चुकीचा कोडतक्ता निवडला तर नव्वद टक्के मजकूर बरोबर दिसतो आणि उरलेला दहा टक्के गुपचूप बिघडतो.

युनिकोडमध्ये आणल्यावर काय बिघडतं ते ठरलेलं आहे, म्हणून शोधताही येतं:

पहिली वेलांटी. जुन्या जुळणीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर येते. जोडाक्षर मोठं असलं की ती मधेच अडकते, ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. हलन्ताला लगेच लागून मात्रा किंवा वेलांटी आली आहे अशा जागा शोधा, सगळ्या चुका असतात.

रफार आणि अर्धा र. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे शब्दतपासणीची प्रणाली गप्प बसते. ही जागा माणसानेच वाचावी लागते. अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण ई-बुकमध्ये शोध घेताना एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. संपूर्ण पुस्तकात एकच रीत ठेवा. मी पहिली सुचवेन.

काना. जुन्या फॉन्टमध्ये प, ष, ण यांची उभी दांडी वेगळी टाइप केलेली असायची. ती कधी सुटते, कधी दोनदा येते. मोकळ्या जागेनंतर एकटाच काना उभा असेल तर तिथे अक्षर फुटलं आहे.

ओळ तोडायला हाताने टाकलेली संयोगचिन्हं. मजकूर नव्याने वाहिला की ‘महा-राष्ट्र’ ओळीच्या मधोमध येतं. सरसकट काढू नका, ‘आई-वडील’मधलं चिन्ह हवंच आहे.

हे झाल्यावर दोन वाचनं करून घ्या, त्यातलं एक छापील प्रत शेजारी ठेवून. इथे पैसे वाचवू नका. पूर्वी प्रकाशकाची खरी ठेव म्हणजे गोदामातल्या प्रती होत्या. आता ती जागा या शुद्ध मजकुराच्या फाइलने घेतली आहे: त्यातूनच छापील पुस्तक, ई-बुक आणि पुढे जे येईल ते निघणार.

पीडीएफमधला मजकूर कॉपी करून चिटकवल्यावर रोमन कचरा आला तर चांगली गोष्ट आहे, तोही बऱ्याचदा कन्व्हर्टरमधून जातो. काहीच आलं नाही तर पानं चित्ररूपात आहेत असं समजा. मग ती पुस्तकं आणि इतिहासाचं पुस्तक, दोन्हींना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, बारीक टाइप असेल तर ४००. टेसरॅक्ट या ओसीआर साधनात मराठी आहे, गूगल ड्राइव्हमधूनही मजकूर निघतो. घ-ध, भ-म, ष-प यांची अदलाबदल आणि गळलेले अनुस्वार तपासावे लागतात. तळटीपा मजकुरात घुसतात त्या वेगळ्या काढा. तुमची प्रत डागाळलेली असेल तर स्वच्छ प्रतीसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. १८९३ पासूनची संस्था आहे, ठाण्याबद्दलचं पुस्तक तिथे असण्याची शक्यता चांगली.

मांडणीसाठी इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कम्पोजर लावायला विसरू नका, नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी दिसतात. विकत घ्यायचं नसेल तर स्क्रायबस १.६ देवनागरी नीट जुळवतं. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या. ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकी मजकुराला शोभतो आणि त्यात ल, श मराठी वळणाचे आहेत. डेमीला १२ पॉइंट अक्षर, १७ पॉइंट ओळ इथून सुरुवात करा; वर-खाली मात्रा असल्याने देवनागरीला ओळींत मोकळीक लागते.

सोळापानी_तुर्भे

वरचं सगळं बरोबर. मी छपाईपुरतं लिहितो.

डेमीचा फॉर्म, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घालायचा एक ताव, १८ × २३ इंची कागदावर १६ पानांचा. १९२ पानी पुस्तक म्हणजे १२ फॉर्म, ऑफसेटच्या एका प्लेटवर (ज्या पत्र्यावरून छपाई होते) ८ पानं, म्हणजे आतल्या मजकुराच्या २४ प्लेटा. प्लेटा, मशीन लावणं आणि शाई-रजिस्टर जुळेपर्यंत वाया जाणारा कागद, हा खर्च १०० प्रतींना जेवढा तेवढाच १००० ला. डिजिटलमध्ये प्लेटच नाही, प्रत्येक छापलेल्या बाजूचा दर लागतो, म्हणून पहिली प्रत आणि पन्नासावी प्रत एकाच भावात पडते.

हिशेब कसा मांडायचा ते दाखवतो. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या दोन कोटेशनमधले त्या जागी घाला. ऑफसेटचा ठरावीक खर्च २४,००० आणि वर प्रतीमागे ४० रुपये, डिजिटलला प्रतीमागे सरळ १०० रुपये असं समजा. २४,००० भागिले ६०, म्हणजे ४०० प्रतींना दोन्ही समान. ५० प्रतींना ऑफसेट ५२० रुपये प्रत, डिजिटल १००. हजार प्रतींना ऑफसेट ६४ आणि डिजिटल तेच १००. तुमच्या मागणीला डिजिटलच योग्य.

पण पुढचा हिशेब लोक करत नाहीत. छापील किंमत २५० ठेवली, विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर हातात १५०. त्यातून छपाई १०० आणि लेखकाचं १० टक्के मानधन २५ गेलं की २५ उरतात, आणि त्यातच जुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ. थोड्या प्रतींचं पुस्तक मुख्यतः थेट वाचकाला विकलं तरच उभं राहतं. दुकानांत ठेवायचंच असेल तर किंमत आधीच त्या बेताने ठरवा.

आता प्रेसमध्ये काय चुकतं ते.

रंगीत डिजिटल मशीनला फाइल देताना अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के, असली पाहिजेत. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमध्ये काळा बरेचदा आरजीबी (पडद्यासाठीच्या तीन रंगांचा) असतो. मशीन ते पान रंगीत म्हणून मोजतं, बिल कितीतरी वाढतं, आणि अक्षरांना चार रंगांची कडही दिसते. फाइल देण्याआधी अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये फक्त काळा चॅनल बंद करून बघा. पान पूर्ण कोरं झालं पाहिजे.

कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) पाठीला समांतर हवा. १३ × १९ च्या शीटवर डेमीची चार पानं एका बाजूला बसतात आणि पुस्तकाची उंची १९ इंची बाजूने येते, म्हणून ग्रेन लांब बाजूचा मागा. आडवा ग्रेन आला तर पुस्तक उघडं राहत नाही आणि पाठीजवळ पानांना लाटा येतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे जास्तच जाणवतं. त्या महिन्यांत कागद वळतो, मशीनमध्ये अडकतो. घाई नसेल तर काम ऑक्टोबरनंतर द्या.

पाठीची जाडी अंदाजाने काढू नका. पानांची संख्या भागिले दोन, गुणिले कागदाची जाडी. १९२ पानं म्हणजे ९६ पत्रं, कागद ०.१ मिमीचा असेल तर ९.६ मिमी. ७० जीएसएमचाच (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेडचा फुगीर कागद घेतला तर तीच पाठ ११ मिमीपर्यंत जाते आणि पाठीवरचं नाव मुखपृष्ठावर सरकतं. प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, पट्टीने मोजा, मगच मुखपृष्ठ पक्कं करा. नवी जुळणी झाल्यावर पानं बदलणार, म्हणून जुनं मुखपृष्ठ जसंच्या तसं चालणार नाही. डिजिटलमध्ये पत्रं सुटी कापून बांधतात, त्यामुळे १६ च्या पटीचा आग्रह उरत नाही. शेवटी कोरी पानं सोडायची गरज नाही.

बांधणीला पीयूआर गोंद मागा. साध्या ईव्हीए हॉट मेल्टची पाठ काही वर्षांत कडक होते आणि जोर देऊन उघडली की पानं सुटतात. आतला समास किमान २० मिमी. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग), पाठीवर आणि पाठीपासून ६-७ मिमीवर क्रीझ (वळवण्यासाठी दाबलेली रेघ). डिजिटल छपाईवर लॅमिनेशन काही वेळा सुटतं, कारण टोनरवर (डिजिटल मशीनच्या शाईच्या भुकटीवर) तेलाचा अंश असतो. एक दिवस थांबून करा आणि डिजिटलसाठीची जास्त चिकट फिल्म वापरायला सांगा. क्रीझ न करता वळवलं तर टोनर फुटून पांढरी रेघ पडते.

आणि पहिल्यांदा एकच प्रत काढा. डिजिटलची हीच खरी सोय आहे. बांधलेली, कापलेली पूर्ण प्रत हातात घेऊन तपासा, मग ५० चा आदेश द्या.

नौपाडा_ग्रंथ

दोघांचेही मनापासून आभार, हे छापून ठेवते आहे. दोन शंका. एका प्रेसने सांगितलं की जुळणी-बिळणी नको, छापील प्रतच स्कॅन करून देतो. तसं करावं का? आणि जुन्या करारांत ई-बुकचा उल्लेखच नाही. त्यावेळी ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

सोळापानी_तुर्भे

स्कॅनवरून छपाई होते, पण ग्रेस्केलमध्ये केली तर अक्षरांच्या कडांना ठिपके येतात आणि शिरोरेघ तुटक दिसते. करायचीच असेल तर मजकूर ६०० डीपीआय, फक्त काळा-पांढरा, पान सरळ करून. फोटो वेगळे, मूळ प्रिंटवरून ३०० डीपीआयला. छापील पानातल्या फोटोवर आधीच ठिपक्यांची जाळी असते, त्यावर नवी जाळी बसली की पट्टे उठतात. इतिहासाच्या पुस्तकाचे मूळ फोटो लेखकाच्या घरी आहेत का ते आजच विचारा. स्कॅनमधून ई-बुक निघत नाही आणि एक चूकही दुरुस्त होत नाही, त्यामुळे सात पुस्तकांना हा मार्ग मी सुचवणार नाही.

करार_कलम

हक्कांबद्दल. कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक परंतुक आलं: हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हस्तांतर त्या माध्यमाला लागू होत नाही. तुमच्या करारांनाही तेच धरून चाला, ई-बुकचा हक्क लेखकाकडे आहे असं समजा आणि नवा करार करा.

छापील हक्कही गृहीत धरू नका. कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. १९९४ च्या दुरुस्तीआधीच्या करारांना हे लागू नाही, पण तुमची पुस्तकं त्यानंतरची आहेत. म्हणजे मुदत न लिहिलेले सगळे करार केव्हाच संपले. लेखक हयात नसतील तर सर्व वारसांच्या सह्या लागतील. हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. मुखपृष्ठाचा चित्रकार आणि आतल्या फोटोंचे छायाचित्रकार यांची लेखी परवानगी वेगळी घ्या.

नव्या करारात छापील, ई-बुक आणि ध्वनिपुस्तक अशी तीन माध्यमं स्वतंत्र कलमांत, प्रत्येकाची मुदत आणि मानधनाचा आधार लिहून घ्या. छापील पुस्तकाचं मानधन छापील किमतीवर काढतात. ई-बुकचं हातात आलेल्या रकमेवर काढणं न्याय्य आहे, कारण ई-बुक विकणाऱ्या मंचाचा वाटा आधीच कापला जातो. ई-बुकचा टक्का म्हणूनच जास्त असावा. लेखकांना १० टक्क्यांवर थांबवू नका.

ईपब_वाशी

ई-बुक म्हणजे पीडीएफ नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर डेमीचं पान वाचणं म्हणजे सतत सरकवणं. इपब ३ करा, मजकूर पडद्याप्रमाणे वाहता.

त्यासाठी जुळणी करतानाच शिस्त लागते. प्रकरणाचं नाव हाताने मोठं-ठळक न करता परिच्छेद शैलीने करा; इनडिझाइनमध्ये त्या शैलीला शीर्षकाचा दर्जा जोडला की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. दोन परिच्छेदांत मोकळी जागा एंटर मारून ठेवू नका. तळटीपा खऱ्या तळटीपा असू द्या, म्हणजे दुवे होतात. कवितेच्या ओळी वेगळ्या शैलीत. तयार फाइल इपबचेक या मोफत साधनातून काढा आणि मग स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, मोठं अक्षर करून, उघडून बघा. जोडाक्षरं फुटतात ती तिथे दिसतात. फॉन्ट आत घालायचा असेल तर परवाना तशी मुभा देतो का ते तपासा. मुक्त परवान्याचा असेल तर प्रश्न नाही.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत. मुखपृष्ठाचं चित्र २५६० पिक्सेल उंच, १६०० रुंद. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या प्रकाशनसेवेतल्या ‘सिलेक्ट’ योजनेत नोंद करावी लागते, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मुदत आपोआप वाढते, त्या पर्यायापुढची खूण काढून ठेवा. छापील प्रतीला हे बंधन नाही. मराठी वाचक गूगल प्ले आणि बुकगंगावरही आहे, तेव्हा कादंबऱ्या आधी सिलेक्टमध्ये आणि इतिहासाचं पुस्तक सगळीकडे, असं मी करेन. स्थानिक इतिहास लोक शोधत येतात, तो जिथे शोधतील तिथे असावा.

नोंद भरताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही द्या. लेखकाचं रोमन स्पेलिंग सातही पुस्तकांत एकच ठेवा, नाहीतर मंचावर एकाच माणसाचे दोन लेखक तयार होतात.

नौपाडा_ग्रंथ

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) जुनाच चालेल का? आणि वाचकांना थेट पाठवायचं तर कुरिअर परवडत नाही.

अक्षरजुळणी

मजकूर तोच आणि प्रकाशकही तोच, तर पुनर्मुद्रणाला जुना क्रमांक चालतो. नवी प्रस्तावना किंवा भर घातली तर नवी आवृत्ती, नवा क्रमांक. ई-बुकला नेहमीच वेगळा. तुमच्या पुस्तकांवर १० अंकी क्रमांक असतील. २००७ पासून १३ अंकी आहेत. पुढे नुसतं ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो, तो काढूनच बारकोड करा. नवे क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर मोफत मिळतात, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नवी आवृत्ती झाली तर ३० दिवसांत ग्रंथालयांच्या प्रती पाठवा: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय.

डीटीपीवाल्याकडून काम संपल्यावर पीडीएफवर समाधान मानू नका. इनडिझाइनचं पॅकेज केलेलं फोल्डर, आयडीएमएल (इनडिझाइनच्या इतर आवृत्त्यांतही उघडणारी फाइल) आणि शुद्ध युनिकोड मजकूर, तिन्ही शेवटचा हप्ता देण्याआधी घ्या. हे सुरुवातीलाच लेखी ठरवा.

सोळापानी_तुर्भे

पाठवणीसाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ बघा, १ मे २०२५ पासून सुरू आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, शिवाय कर. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिक किंवा जाहिरातींचं साहित्य चालत नाही.

म्हणून कागद निवडतानाच वजन काढा. डेमीचं एक पत्र ७० जीएसएममध्ये साधारण २.१ ग्रॅम. १९२ पानी पुस्तक मुखपृष्ठासह २२० ग्रॅमच्या आसपास, वेष्टनासकट ३०० च्या आत आरामात बसतं. २२४ पानी पुस्तक ७० जीएसएमवर २५५ च्या आसपास, तेही बसतं. तेच ८० जीएसएमवर छापलं तर २९० होतं आणि वेष्टन घातलं की वरच्या दरात जातं. तुमच्या सर्वांत जाड पुस्तकाला ७० च घ्या.